इंग्रजीतील मालकीचे शब्द आणि संक्षिप्त रूपे यांतला फरक कसा ओळखावा

इंग्रजीत सफाईने लिहिणाऱ्या, मोठाले अहवाल तयार करणाऱ्या माणसांच्या लेखनातही एक चूक हमखास सापडते: जिथे “इट्स” हवे तिथे “इट’स” येते आणि जिथे “इट’स” हवे तिथे “इट्स”. ही चूक अज्ञानातून होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दोन्ही शब्दांचा उच्चार तंतोतंत एक असल्यामुळे कान मदत करत नाही, आणि दोन्ही शब्द आपापल्या जागी शुद्ध असल्यामुळे संगणकातील साधा स्पेलचेक त्यांच्याखाली लाल रेघ ओढत नाही. मग मार्ग एकच उरतो, तो म्हणजे त्या वाक्यात तो शब्द कोणते काम करतो आहे हे लिहिणाऱ्याने स्वतः तपासणे. ते कसे तपासावे, हे येथे सविस्तर मांडले आहे.

लेखातील सर्व इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. मूळ स्पेलिंगमध्ये जिथे अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या वरच्या अंगाला येणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह, असते तिथे देवनागरीतही ते दिले आहे. “इट्स” म्हणजे आय-टी-एस ही तीन सलग अक्षरे, अर्थ “त्याचा”, आणि “इट’स” म्हणजे आय-टी, मग चिन्ह, मग एस, “इट इज” किंवा “इट हॅज” चे संक्षिप्त रूप. जिथे एवढ्याने भागणार नाही तिथे स्पेलिंग अक्षरे सुटी करून सांगितले आहे.

चूक नेमकी कुठून येते

मराठीत मालकी दाखवण्याची रीत अतिशय सुसंगत आहे. नाम असो वा सर्वनाम, षष्ठीचा चा-ची-चे लावला की काम झाले: मुलाचा, शाळेची, त्याचे, त्यांचा, कोणाची. माझा आणि तुझा ही रूपे थोडी वेगळी असली तरी एकूण नियम एकच आहे. इंग्रजी शिकताना “बॉय’स बुक” म्हणजे मुलाचे पुस्तक हे आपण फार लवकर शिकतो आणि मनात एक समीकरण पक्के बसते, की चिन्ह आणि एस म्हणजे मराठीतला चा. हे समीकरण नामापुरते बरोबर आहे. सर्वनामापाशी मात्र ते पूर्णपणे फसते, कारण इंग्रजीत सर्वनामांना मालकीसाठी कोणतेही चिन्ह लागत नाही. त्यांची मालकीची रूपे स्वतंत्र, तयार शब्द आहेत: माय, युअर, हिज, हर, इट्स, अवर, देअर, हूज. यांतल्या एकाही शब्दात अपॉस्ट्रॉफी नाही. सुट्या वापरल्या जाणाऱ्या युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स या रूपांतही ती नाही, जरी त्यांच्या शेवटी एस असला तरी.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करायची ती अशी. नामाला लागलेली अपॉस्ट्रॉफी मालकी दाखवू शकते. आय, यू, ही, शी, इट, वुई, दे, हू या सर्वनामांना लागलेली अपॉस्ट्रॉफी कधीच मालकी दाखवत नाही. तिथे ती एवढेच सांगते की येथून काही अक्षरे गाळली आहेत. संस्कृतातून आलेल्या “कोऽपि” सारख्या शब्दात अवग्रह जे सांगतो, तेच काम “इट’स” मधले चिन्ह करते. आणि जोडून बोलण्याची सवय मराठीला परकी नाही. “करतो आहे” चे “करतोय” आणि “येते आहे” चे “येतेय” आपण दिवसभर करतो. फरक एवढाच, की मराठी अशा जोडणीत गाळलेल्या अक्षराची खूण ठेवत नाही आणि इंग्रजी ठेवते.

“हिज” या शब्दाला चिन्ह लावण्याची चूक सहसा कोणी करत नाही. तेव्हा “इट्स” विषयी शंका आली की त्याला “हिज” चा सख्खा भाऊ समजावे. दोघांचे काम एक, दोघांच्या शेवटी एस, आणि दोघेही चिन्हाविना.

हा घोळ इंग्रजीत आला कसा

नियमाचे कारण कळले की तो लक्षात ठेवणे सोपे जाते, म्हणून थोडा इतिहास. जुन्या इंग्रजीत अनेक नामांना षष्ठीसाठी ई-एस असा प्रत्यय लागत असे. पुढे त्यातल्या ई चा उच्चार बऱ्याच शब्दांत लोपला आणि त्या गळालेल्या स्वराच्या जागी अपॉस्ट्रॉफी लिहिण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली. हे चिन्ह इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंच लेखनपद्धतीवरून आले. म्हणजे आज नामाला लागणारी मालकीची अपॉस्ट्रॉफीसुद्धा मुळात गळालेल्या अक्षराचीच खूण आहे.

“इट्स” ची गोष्ट वेगळी आहे. जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी सर्वनामाचे मालकीचे रूपदेखील “हिज” हेच होते. “इट्स” हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस लेखनात दिसू लागला. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या आवृत्तीत तो एकदाही येत नाही. शब्द नवा असल्यामुळे त्याचे स्पेलिंगही बराच काळ डळमळीत होते आणि सतराव्या-अठराव्या शतकांत मालकीच्या अर्थाने “इट’स” असे चिन्हासह लिहिणे सर्रास चालत असे. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, राज्यांच्या तपासणीविषयक कायद्यांचा उल्लेख आहे तिथे, “इट’स” असेच लिहिलेले आहे. त्याच काळात “इट इज” चे प्रचलित संक्षिप्त रूप “’टिज” असे होते, म्हणजे आरंभीचा आय गाळून केलेले. पुढे “’टिज” मागे पडले, “इट’स” ने ती जागा घेतली, आणि मालकीचा शब्द चिन्हाविना लिहिण्याचा संकेत स्थिर झाला. आज हा संकेत इतका पक्का आहे की मालकीसाठी “इट’स” लिहिणे सरळ अशुद्ध मानले जाते. जुने दाखले देऊन त्याचे समर्थन करता येत नाही.

पहिली कसोटी: शब्द उघडून पाहणे

शंका आली की शब्द उघडावा. “इट’स” च्या जागी मनात “इट इज” किंवा “इट हॅज” म्हणावे. वाक्य तग धरत असेल तर चिन्ह हवे. वाक्य मोडत असेल तर चिन्ह नको. “द डॉग वॅग्ड इट्स टेल” या वाक्यात “द डॉग वॅग्ड इट इज टेल” असे म्हणून पाहिले की ते लगेच कोसळते. म्हणजे येथे मालकीचा शब्द आहे. “इट’स रेनिंग” मध्ये “इट इज रेनिंग” नीट बसते, म्हणून चिन्ह हवे.

येथे एक गोष्ट अनेक जण विसरतात. “इट’स” हे केवळ “इट इज” नव्हे, ते “इट हॅज” सुद्धा आहे. “इट’स बीन अ लाँग डे” हे वाक्य “इट इज बीन” असे उघडले तर अशुद्ध होते, आणि एवढ्यावरून “म्हणजे चिन्ह नको” असा निष्कर्ष काढला तर चूक पदरी पडते. त्यामुळे एकदा “इज” ने आणि एकदा “हॅज” ने, असे दोनदा उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. पुढे “बीन”, “गॉट”, “गॉन”, “बिकम” असे भूतकालवाचक धातुसाधित आले की “हॅज” ची शक्यता आधी पाहावी. मात्र “हॅज” हे स्वतःच मुख्य क्रियापद असेल, म्हणजे “जवळ असणे” या अर्थी आले असेल, तर त्याचे असे संक्षिप्त रूप आजच्या इंग्रजीत सहसा करत नाहीत. “इट हॅज अ टेल” हे “इट’स अ टेल” असे लिहिले तर वाचणारा त्याचा अर्थ “ते एक शेपूट आहे” असा घेईल.

हीच रीत बाकीच्या जोड्यांना लागू पडते. “यू’अर” म्हणजे “यू आर”, “दे’अर” म्हणजे “दे आर”, “हू’ज” म्हणजे “हू इज” किंवा “हू हॅज”. उघडून बसले तर संक्षिप्त रूप, न बसले तर मालकीचा शब्द.

मराठीत भाषांतर करून तपासू नये

मराठी वाचकासाठी सर्वांत महत्त्वाची सूचना मला हीच वाटते. वाक्याचे मराठी करून पाहायचे, “चा” आला तर मालकी आणि “आहे” आला तर संक्षिप्त रूप, अशी युक्ती सांगितली जाते. ती पुष्कळदा चालते, पण जिथे चालत नाही तिथे थेट खड्ड्यात नेते. “तुझे बरोबर आहे” हे वाक्य पाहा. मराठीत “तुझे” आहे, म्हणून हात आपोआप मालकीचा “युअर”, म्हणजे वाय-ओ-यू-आर, लिहून मोकळा होतो. इंग्रजीला मात्र येथे “यू’अर राइट” म्हणजे “यू आर राइट” अभिप्रेत आहे, कारण इंग्रजीत बरोबर असतो तो माणूस, त्याचे म्हणणे नव्हे. “त्यांचे चुकले” याचेही तसेच: “दे’अर राँग”. वयाबद्दल आपण “तुझे वय वीस आहे” असे म्हणतो, आणि इंग्रजीत ते “यू’अर ट्वेंटी” होते.

उलट बाजूही तितकीच फसवी आहे. “त्याचा रंग लाल आहे” या वाक्यात “चा” आणि “आहे” दोन्ही आहेत. आता कोणता पुरावा मानायचा? इंग्रजीत ते “इट्स कलर इज रेड” असे होते. मालकीचा शब्द एकीकडे आणि “इज” दुसरीकडे, दोघे वेगवेगळे. म्हणून तपासणी नेहमी इंग्रजी वाक्यातच, इंग्रजी शब्द उघडून करावी. मराठी अर्थ वाक्य समजण्यासाठी घ्यावा, स्पेलिंग ठरवण्यासाठी घेऊ नये.

दुसरी कसोटी: पुढे काय येते

“इट्स”, “युअर”, “देअर” असा मालकीचा शब्द एकटा उभा राहत नाही. त्याला पुढे ज्याची मालकी सांगायची ते नाम लागते. मधे विशेषणे येऊ शकतात, पण नाम कुठेतरी यावेच लागते: “इट्स टेल”, “इट्स लाँग टेल”, “इट्स व्हेरी लाँग टेल”. याउलट “इट’स लाँग” म्हणून वाक्य थांबले, पुढे नाम नाही, तर ते संक्षिप्त रूप. नुसत्या लगतच्या शब्दावरून निर्णय घेऊ नये, कारण “लाँग” दोन्हीकडे आले आहे. थोडे पुढे वाचून नाम येते का ते पाहावे.

दोन खुणा इतक्या खात्रीच्या आहेत की त्या दिसताच पुढचा विचार करावा लागत नाही. पहिली, लगेच पुढे “अ”, “ॲन” किंवा “द” आले तर चिन्ह हवेच. इंग्रजीत एका नामाच्या मागे मालकीचे सर्वनाम आणि हे उपपद अशी दोन्ही लागत नाहीत, म्हणून “इट’स अ गुड आयडिया”, “यू’अर द फर्स्ट”, “दे’अर ॲन ऑड पेअर” यांत मालकीचा शब्द असूच शकत नाही. दुसरी, लगेच पुढे “ओन” म्हणजे “स्वतःचा” या अर्थाचा शब्द आला तर चिन्ह नकोच: “इट्स ओन”, “युअर ओन”, “देअर ओन”. “इट’स ओन” हे छापील मजकुरातही कधीकधी दिसते आणि ते दर वेळी चूकच असते.

पुढे आय-एन-जी ने संपणारा शब्द आला की थोडे थांबावे लागते. “यू’अर कमिंग लेट” म्हणजे तू उशिरा येत आहेस. येथे “कमिंग” क्रियापदाचा भाग आहे. पण “युअर कमिंग लेट अपसेट हर” म्हणजे तुझ्या उशिरा येण्याने ती नाराज झाली. येथे “कमिंग” हे नामासारखे वापरलेले धातुसाधित आहे आणि “तुझे येणे” असा अर्थ आहे. दोन्ही वाक्यांचे पहिले तीन शब्द कानाला सारखेच ऐकू येतात. पहिल्यात वाक्य तिथेच पूर्ण होते. दुसऱ्यात “अपसेट” हे खरे क्रियापद पुढे येते.

यातूनच सर्वांत खोलवर जाणारी कसोटी मिळते. संक्षिप्त रूपाच्या पोटात क्रियापद दडलेले असते, मालकीच्या शब्दात ते नसते. तेव्हा त्या उपवाक्यातले क्रियापद शोधावे. ते दुसरीकडे सापडले तर शंकास्पद शब्दाला क्रियापद असण्याची गरज नाही, म्हणून मालकी. कुठेच सापडले नाही तर ते त्या शब्दातच असले पाहिजे, म्हणून संक्षिप्त रूप.

नेहमीच्या जोड्या आणि एक त्रिकूट

“युअर” आणि “यू’अर” यांचे बरेचसे वर झालेच. त्यात एवढीच भर घालावी, की “युअर्स” ला, म्हणजे पत्राखाली लिहितात त्या शब्दालाही, कधीच अपॉस्ट्रॉफी लागत नाही.

“देअर” च्या बाबतीत तीन शब्द आहेत आणि तिघांचा उच्चार एक. टी-एच-ई-आय-आर म्हणजे “त्यांचा”, टी-एच-ई-वाय नंतर चिन्ह आणि मग आर-ई म्हणजे “दे आर”, आणि टी-एच-ई-आर-ई म्हणजे “तिथे” किंवा “देअर इज अ प्रॉब्लेम” सारख्या वाक्याची सुरुवात. चिन्हवाला आधी उघडून तपासावा. तो बाजूला झाला की उरलेल्या दोघांसाठी सोपी अदलाबदल करावी: त्या जागी “अवर” ठेवून वाक्य चालले तर ई-आय-आर, न चालले तर ई-आर-ई. जागा दाखवणाऱ्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये “हिअर” म्हणजे “येथे” हा शब्द एच-ई-आर-ई या रूपात जसाच्या तसा बसलेला आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. याच्याच जवळची जोडी म्हणजे “देअर्स” आणि “देअर’स”: पहिला “त्यांचे” असा सुटा मालकीचा शब्द, दुसरा “देअर इज” किंवा “देअर हॅज”.

“हूज” आणि “हू’ज” यांत स्पेलिंगही निराळे आहे. मालकीचा शब्द डब्ल्यू-एच-ओ-एस-ई, संक्षिप्त रूप डब्ल्यू-एच-ओ, चिन्ह, एस. “हूज पेन इज धिस?” म्हणजे हे पेन कोणाचे, “हू’ज टेकन माय पेन?” म्हणजे माझे पेन कोणी घेतले, आणि येथे “हू हॅज” दडले आहे. “हू” हा शब्द माणसांसाठी असल्यामुळे “हूज” निर्जीव वस्तूंसाठी चालत नाही असा एक समज आहे, आणि त्यापायी काही जण वाक्याची अवघड मोडतोड करतात. तो समज चुकीचा आहे. “अ हाउस हूज रूफ लीक्स” हे उत्तम इंग्रजी आहे.

“लेट’स” आणि “लेट्स” ही जोडी मालकीची नाही, पण गोंधळ त्याच जातीचा आहे: चिन्हासह “लेट अस”, म्हणजे “चला, आपण करू”, चिन्हाविना “करू देतो” किंवा “करू देते”.

वाक्याच्या शेवटी

मराठीत ज्याला जोड नाही असा इंग्रजीचा एक बारकावा येथे सांगितला पाहिजे. “इट’स”, “यू’अर”, “दे’अर”, “हू’ज” ही रूपे उपवाक्याच्या अगदी शेवटी येऊ शकत नाहीत. “आय नो व्हॉट इट इज” हे “आय नो व्हॉट इट’स” असे आखडता येत नाही. “येस, दे आर” चे “येस, दे’अर” होत नाही. शेवटच्या क्रियापदावर बोलताना जोर पडतो आणि जोर असलेले क्रियापद आक्रसत नाही. नकाराची रूपे मात्र शेवटी चालतात: “नो, दे आर’न्ट”. म्हणून शेवटच्या जागी होकारार्थी संक्षिप्त रूप दिसले की ते पूर्ण लिहावे.

नामाचे काय

सर्वनामांचा नियम कठोर आहे, नामांचा सैल. “टीचर’स” हा एकच शब्द तीन कामे करू शकतो. “द टीचर’स चेअर” मध्ये मालकी, “द टीचर’स लेट” मध्ये “इज”, आणि “द टीचर’स गॉन” मध्ये “हॅज”. तिन्हीकडे चिन्ह आहे, त्यामुळे लिहिताना फारशी अडचण येत नाही. अर्थ लावताना मात्र उघडून पाहावे लागते. औपचारिक लेखनात नामाला “इज” किंवा “हॅज” जोडणे टाळलेलेच बरे, कारण वाचणारा आधी मालकी समजून पुढे जातो आणि मग त्याला मागे यावे लागते.

अनेकवचनात चिन्हाची जागा सरकते. एका मुलाचे ते “द बॉय’स”, अनेक मुलांचे ते “द बॉईज’”, म्हणजे एस आधी आणि चिन्ह नंतर. पण “चिल्ड्रन” सारख्या, एस ने न संपणाऱ्या अनेकवचनाला पुन्हा चिन्ह आणि एस असाच क्रम लागतो: “चिल्ड्रन’स”. काळाच्या मोजमापातही हाच नियम चालतो: एका दिवसाचे काम “अ डे’स वर्क”, दोन आठवड्यांची रजा “टू वीक्स’ लीव्ह”. नुसत्या अनेकवचनाला मात्र चिन्ह अजिबात लागत नाही. “बुक्स”, “टेबल्स”, “फोटोज” यांत मालकीही नाही आणि गाळलेले अक्षरही नाही.

नियमाला एक खरा अपवाद आहे आणि तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. “वन”, “समबडी”, “एव्हरीवन”, “नोबडी” ही अनिश्चित सर्वनामे नामासारखी वागतात आणि मालकीसाठी चिन्ह घेतात: “वन’स ड्यूटी”, “समबडी’स बॅग”. “एल्स” जोडला तर चिन्ह त्या “एल्स” ला लागते: “समबडी एल्स’स बॅग”. “हू एल्स’स” सुद्धा असेच लिहितात, जरी एकट्या “हू” ला मालकीसाठी चिन्ह चालत नसले तरी.

एक परिच्छेद तपासून पाहू

पुढील मजकुरात सात रिकाम्या जागा आहेत.

“(१) बीन अ लाँग इयर फॉर द लायब्ररी. (२) रूफ लीक्स, अँड द रीडर्स से (३) टायर्ड ऑफ वेटिंग. (४) गोइंग टु रिपेअर इट, अँड (५) मनी विल पे फॉर इट? (६) राइट टु आस्क, अँड (७) क्वेश्चन डिझर्व्ह्ज ॲन आन्सर.”

पहिल्या जागी “इट हॅज” बसते, म्हणून “इट’स”. दुसऱ्या जागी पुढे “रूफ” हे नाम आहे आणि “लीक्स” हे क्रियापद स्वतंत्र आहे, म्हणून “इट्स”. तिसऱ्या उपवाक्यात “टायर्ड” नंतर नाम नाही आणि क्रियापद दुसरीकडे कुठे नाही, म्हणून “दे’अर”. त्याआधीचे “रीडर्स” हे साधे अनेकवचन, त्याला चिन्ह नको. चौथी जागा “हू इज गोइंग”, म्हणून “हू’ज”. पाचवीत “मनी” हे नाम आणि “विल पे” हे क्रियापद दोन्ही हजर आहेत, म्हणून “हूज”.

सहावी जागा खरी परीक्षा घेणारी आहे. “राइट” म्हणजे बरोबर, तसेच “राइट” म्हणजे हक्कही. त्यामुळे “युअर राइट टु आस्क”, म्हणजे तुमचा विचारण्याचा हक्क, हाही शब्दसमूह निर्दोष आहे. पुढे काय येते ही कसोटी येथे निकाल देऊ शकत नाही. क्रियापद शोधावे लागते. “राइट टु आस्क” नंतर स्वल्पविराम आणि “अँड” येते. त्या उपवाक्यात मुख्य क्रियापद उरतच नाही. म्हणजे ते पहिल्या शब्दातच असले पाहिजे आणि उत्तर “यू’अर” हेच. याच ठिकाणी “राइट टु आस्क इज प्रोटेक्टेड” असे असते तर “इज” सापडले असते आणि उत्तर “युअर” झाले असते. सातव्या जागी “क्वेश्चन” हे नाम आणि “डिझर्व्ह्ज” हे क्रियापद, म्हणून “युअर”.

लिहून झाल्यावरची तपासणी

लिहिण्याच्या ओघात दर शब्दाशी थांबणे शक्य नसते आणि थांबूही नये. मजकूर पूर्ण झाल्यावर संगणकाच्या शोध सुविधेत नुसती अपॉस्ट्रॉफी टाकून एकेक जागा पाहावी. सर्वनामाला चिन्ह असेल तर शब्द मोठ्याने उघडून वाचावा. मनात वाचताना डोळा जे अपेक्षित आहे तेच पाहतो, म्हणून मोठ्याने. त्यानंतर उलटा शोध घ्यावा: चिन्ह नसलेले “इट्स”, “युअर”, “देअर” आणि “हूज” एकेक करून काढावेत आणि प्रत्येकापुढे नाम आहे ना ते पाहावे. हा दुसरा फेरा लोक सहसा करत नाहीत, आणि गाळलेली चिन्हे नेमकी तिथेच सुटून जातात. मोबाइलवर लिहिलेल्या मजकुरात या दोन्ही फेऱ्यांची गरज अधिक असते, कारण कीबोर्ड आपल्या अंदाजाने चिन्ह घालतो किंवा काढतो.

अर्ज, अहवाल, शोधनिबंध अशा औपचारिक लेखनासाठी मी आणखी कडक पद्धत सुचवीन. त्यात संक्षिप्त रूपे वापरूच नयेत. “इट इज”, “दे आर”, “हू हॅज” असे पूर्ण लिहावे. औपचारिक इंग्रजीत तसेही हेच शोभून दिसते. मग पहिल्या शोधात जी जी अपॉस्ट्रॉफी सापडेल ती नामाला किंवा “समबडी” सारख्या अनिश्चित सर्वनामाला लागलेली असली पाहिजे. आय, यू, ही, शी, इट, वुई, दे किंवा हू यांच्यापैकी एखाद्याला ती चिकटलेली दिसली, तर शब्द पूर्ण उघडून लिहावा, आणि तो उघडून बसत नसेल तर चिन्ह काढून मालकीचे स्पेलिंग करावे.